डेल्मर हॉचकिसचं नाक

डेल्मर हॉचकिसला सकाळी कॉफीच्या आधी कुणाचा तरी तिरस्कार करावा लागे. त्याशिवाय त्याचं पोट साफ होत नसे. सुदैवानं त्याचं घर ब्रोकन पिक गावच्या हमरस्त्यावरच होतं आणि रस्ता पुढे थेट खिंडीकडे चढत होता, त्यामुळे तिरस्काराचा माल रोज दारात येऊन पडे. शनिवारी तर नुसती चंगळ. डेन्व्हरच्या बाजूनं गाड्यांची रांग लागे. गाडीच्या टपावर सायकली, सायकलींच्या वर होडी, मागच्या खिडकीत कुत्रा, आणि कुत्र्याच्या अंगातसुद्धा नारिंगी जाकीट. डेल्मर ओसरीवरच्या खुर्चीत बसून नंबरप्लेटा वाचत असे.

"टेक्सास," तो पहिला घोट घेई. "कॅलिफोर्निया. टेक्सास. इलिनॉय. अगं, इलिनॉयमधली जमीन संपली का?"

"तुझी अंडी गार होतायत," आतून त्याची बायको लोर्ना सांगे.

"होऊ देत. हा बघ, होडी घेऊन आलाय. नऊ हजार फुटांवर होडी!"

"आपल्याकडे नदी आहे, डेल्मर."

"नदी आपली आहे. होडी त्याची आहे."

एकदा असा हिशेब लागला की मग तो अंडी खायला आत जाई.

बाहेरच्या लोकांचं सगळंच त्याला खुपत असे. ते दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालत, पाठीवरच्या पिशवीतून रबरी नळी तोंडापर्यंत आणत आणि सलाइन लावलेल्या रोग्यासारखे चोखत चोखत डोंगर चढत. कोलोराडोत चौदा हजार फुटांच्या वर माना काढलेली पन्नासेक शिखरं आहेत. ती सगळी एकामागून एक चढायची, प्रत्येकावर पुठ्ठ्याची पाटी धरून फोटो काढून घ्यायचा, खाली येऊन दुप्पट भावाची बिअर प्यायची आणि शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात "आता अकराच राहिली" म्हणायचं, हा त्यांचा धर्म. डेल्मर स्वतः एकाही शिखरावर गेला नव्हता. "डोंगर बघण्यासाठी असतो," तो म्हणे. "चढण्यासाठी असता तर त्याला जिना नसता का?" उन्हाळ्यात चढणं वेडेपणाचं, तर हिवाळ्यात पायाला फळ्या बांधून घसरत खाली येणं त्याच्या मते गुन्हाच. एकदा वर पोचवलेला माणूस पुन्हा खाली यायचे पैसे देतो, हे त्याच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरलं नाही.

गंमत अशी की डेल्मरनं सगळी नोकरी जिल्ह्याच्या बर्फ ढकलायच्या ट्रकवर केली होती. पहाटे उठून, शिव्या देत, दरडींच्या कडेकडेनं तो खिंडीचा रस्ता मोकळा करी, आणि त्या मोकळ्या रस्त्यावरून दहाच्या सुमाराला बाहेरचे लोक येत. म्हणजे जन्मभर यानंच त्यांना आत घेतलं होतं. पण हे त्याला सांगणार कोण? सांगितलं असतं तर त्यानं सांगणाऱ्याची नंबरप्लेट वाचली असती.

त्याच्या स्वतःच्या पिकअपच्या मागच्या बंपरवर एक स्टिकर होता. हिरव्या डोंगरांची रांग आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द, 'नेटिव्ह'. म्हणजे इथला. इथेच जन्मलेला, अस्सल. पिकअप तीनदा बदलली, पण प्रत्येक वेळी गाडी घेण्याआधी त्यानं नवा स्टिकर घेऊन ठेवला होता. लोर्ना नेब्रास्काची. तिथली जमीन इतकी सपाट की पळून गेलेला कुत्रा दोन दिवस दिसत राहतो, असं डेल्मर म्हणे. लग्न झाल्यावर तिनं हौसेनं आपल्या गाडीलाही तसाच स्टिकर लावायला मागितला, तेव्हा यानं समजुतीच्या सुरात सांगितलं होतं, "लोर्ना, अगं तू चांगली आहेस. पण नेब्रास्का ती नेब्रास्काच." तिनं तेव्हा नुसती तव्यावरची अंडी उलटली होती. नेब्रास्काच्या माणसांना घाई नसते.

आता या अस्सलपणाची खोली किती, तर डेल्मरचा आजोबा मिझुरीहून चांदी खणायला आला होता. तो आला तेव्हा खोऱ्यात यूट जमातीचे मूळ लोक राहत होते आणि त्याच्या कितीतरी आधीपासून राहत होते. पण त्यांच्याविषयी कुणी विचारलं की डेल्मर आभाळाकडे बघून "आज वीज पडणार बहुतेक" असं म्हणे. चांदी काही आजोबाला मिळाली नाही. कुदळ तेवढी मोडली, आणि अशाच मोडक्या कुदळींवरून गावाचं नाव पडलं असं म्हणतात. ज्या गावाच्या नावातच अपयश लिहिलंय, त्या गावच्या माणसानं अभिमान धरावा तरी कशाचा? म्हणून मग जन्माचा.

दोन वर्षांपूर्वी गावात दातांची डॉक्टर आली. टॅमसिन ब्रुसार्ड, राहणार ह्यूस्टन. ह्यूस्टन टेक्सासमध्ये आहे एवढं डेल्मरला पुरलं. त्याच्या आधी गावात दातांचं कुणीच नव्हतं. दात दुखला की खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात जायचं, आणि खिंड बंद असेल तर व्हिस्कीची चूळ भरायची. बाई आली आणि गावानं महिन्याभरात तिच्यापुढे तोंड उघडलं. बंद राहिलं ते एकट्या डेल्मरचं. खरं तर वसंतापासून त्याची उजवी दाढ ठणकत होती. गाल सुजून लिंबाएवढा झाला तेव्हा लोर्ना म्हणाली, "चार दारं सोडून डॉक्टर आहे."

"टेक्सासचा हात माझ्या तोंडात जाणार नाही."

"मग जाईल काय? हिरव्या मिरचीचा रस्सासुद्धा जात नाहीये."

"दुसऱ्या बाजूनं जातो," डेल्मर म्हणाला आणि दुसऱ्या बाजूनं जेवला.

डॉक्टरीणबाई नुसते दात काढून थांबली असती तर कदाचित निभावलं असतं. पण तिनं गाढवांच्या शर्यतीत नाक खुपसलं.

ब्रोकन पिकची गाढवांची शर्यत जुलैच्या शेवटच्या रविवारी होते. खाणी चालू होत्या तेव्हा ओझी वाहायची ती गाढवंच, आणि खाणी बंद पडल्यावर करण्यासारखं दुसरं काही उरलं नाही, म्हणून ही शर्यत. प्रत्येक गाढवाच्या पाठीवर खोगीर, खोगिराला कुदळ, फावडं आणि सोनं धुवायची परात बांधलेली. माणसानं दोरी धरून त्याच्याबरोबर धावत खिंडीपर्यंत जायचं आणि परत यायचं. गाढवाला ढकला, ओढा, हातापाया पडा, हवं तर खांद्यावर घ्या. माणसाच्या पाठीवर गाढव चालतं, गाढवाच्या पाठीवर माणूस दिसला की बाद. आणि निकाल लागतो तो गाढवाच्या नाकावर. ज्या गाढवाचं नाक आधी रेषेपलीकडे, ते जिंकलं. चषकावर नावही गाढवाचंच कोरलं जातं.

टॅमसिनबाईला हे पटेना. एप्रिलमध्ये अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये शर्यतीची सभा भरली, तेव्हा ती हात वर करून उभी राहिली. "पळून पळून छाती फुटते ती माणसाची," ती म्हणाली. "मग चषकावर त्याचं नाव का नको?"

हॉलमधले नवे लोक टाळ्या वाजवू लागले. झालं! डेल्मर दाढ धरून उठला. एरवी तो सभेत खुर्चीच्या तक्रारीपलीकडे बोलत नसे, पण त्या दिवशी त्याच्या अंगात आजोबा संचारला.

"ओ बाई, ही गाढवांची शर्यत आहे!" तो गरजला. "जिंकतं ते गाढव! माणूस म्हणजे दोरीच्या दुसऱ्या टोकाचं सामान. कुदळ, फावडं, परात आणि माणूस! टेक्सासमध्ये सामानाची नावं कोरत असतील, इथं नाही!"

जुन्या गावकऱ्यांनी बाकं बडवली. अग्निशमन केंद्राचा प्रमुख बक विदरस्पून हाच शर्यतीचा पंच आणि भोंग्यावर ओरडणाराही तोच. त्याला ते बोल इतके आवडले की केंद्राच्या भिंतीवरच्या नियमांच्या पाटीवर सगळ्यात वर त्यानं तेच रंगवून घेतलं. 'जिंकतं ते गाढव. माणूस म्हणजे सामान.' डेल्मर येता-जाता पाटीपाशी थांबून वाचत असे. जन्मात पहिल्यांदाच त्याचं बोलणं कुणी भिंतीवर लावलं होतं.

डेल्मरचं स्वतःचं गाढव म्हणजे सिनेटर. राखाडी, गलेलठ्ठ, आणि कामाच्या नावानं शंख. हाक मारली की डोळे मिटून उभं राहायचं आणि जेवणाच्या वेळेला मात्र सगळ्यात पुढे, म्हणून हे नाव. ते चार वर्षांपूर्वी सरकारी लिलावातून आणलेलं. वाळवंटात मोकाट गाढवं फार झाली की सरकार ती पकडून स्वस्तात देतं, त्यातलं. स्वतःहून पुढे जाणं या गाढवाला माहीतच नव्हतं. फक्त हेझेल ट्विचेलची मॉड दिसली की ते तिच्या शेपटीमागे जगाच्या अंतापर्यंत चालत जाई.

हेझेलबाई सत्तरीची, जिभेनं तिखट, आणि तिच्या घरची गाढवं खाणीच्या दिवसांपासूनची. मॉडची पणजी चांदीच्या पोत्यांखाली वाढली होती. मॉड ही गावातली सगळ्यात वेगवान गाढवीण, आणि हेझेलबाईनं यंदा ती भाड्यानं दिली टॅमसिनला.

शर्यतीआधीच्या गुरुवारी बारमध्ये डेल्मरनं हेझेलबाईला गाठलं. "हेझेल, गावात माणसं मेली होती का?"

"मेली नव्हती, पण माझी कवळी कुणी बसवली असती, त्यांनी?" हेझेलबाईनं पांढरेशुभ्र दात दाखवले. "तू बसवणार होतास, बर्फ ढकलून?"

बार हसला. डेल्मरची दाढ ठणकली. खरं म्हणजे तिथंच गप्प बसायचं होतं. पण एका बाजूनं प्यायलेली बिअर दोन्ही बाजूंनी चढते.

"ऐका सगळे!" तो उभा राहिला. "आजवर ही शर्यत बाहेरच्यानं जिंकलेली नाही. रविवारी जर बाहेरचा कुणी जिंकला ना, तर माझ्या गाडीवरचा स्टिकर मी सगळ्या गावासमोर सोलून काढीन. या दातांनी!"

"दातांनी नको, मिस्टर हॉचकिस," कोपऱ्यातल्या टेबलावरून टॅमसिन म्हणाली. "उजवीकडची खालची दाढ ना? कॅप हललेली दिसतेय. गालावरनं कळतंय."

"माझ्या गालाकडे बघायचं नाही!"

"बघायला लागत नाही हो. तोच दिसतो आधी."

बकनं खिशातून पेन काढून टेबलावरच्या कागदी रुमालावर काहीतरी खरडलं. "दातांनी म्हणालास ना? नाही, नीट माहीत असलेलं बरं."

रविवारी सकाळी डेल्मर पिकअपमागे वाकून स्टिकर पुसत होता. तो स्टिकर गेला तर काय उरणार होतं त्याच्याकडे? डोंगर त्यानं चढले नव्हते, चांदी आजोबाला मिळाली नव्हती, आणि बर्फ दरवर्षी वितळून गेला होता. जन्म तेवढा हातात होता, आणि तो त्यानं बारमध्ये पैजेला लावला होता.

हमरस्त्यावर पंचवीसेक गाढवं आणि तेवढीच दुसऱ्या टोकाची सामानं उभी होती. बाहेरचे गुडघ्यांना पट्ट्या बांधून, कपाळाला फडकी बांधून, नळ्या चोखत तयारीत होते. बकनं बंदूक उडवली आणि पहिल्याच मिनिटाला निम्मी शर्यत आटोपली. एक गाढव ओढ्यात जाऊन उभं राहिलं, ते संध्याकाळपर्यंत. एक रस्त्याच्या मधोमध बसलं. एक जाकीटवाल्याचं जाकीट खाऊ लागलं, आणि जाकीट महागाचं असल्यामुळे तो "अहो, प्लीज" म्हणत त्याच्याभोवती फिरत राहिला. गाढवाला अहो म्हणणारा माणूस डेल्मरनं पहिल्यांदाच पाहिला. त्याचा जीव सुखावला.

पण मॉड सुटली होती आणि तिच्या शेपटीमागे सिनेटर, आणि सिनेटरच्या मागे दोरीला लोंबकळत डेल्मर. तो धावत होता म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. एका राखाडी गाढवाच्या प्रेमापायी तो फरपटत चालला होता. पाइनचं रान संपलं, खाणींचे पिवळे ढिगारे मागे पडले, झाडं खुजी होत होत नाहीशी झाली आणि उघड्या माळावर वारा कानात घुसू लागला. दगडांवर बसलेले मार्मट, म्हणजे सशाएवढ्या गलेलठ्ठ डोंगरी खारी, शिट्ट्या वाजवत होते. डेल्मरला वाटलं, आपल्यालाच वाजवतायत.

खिंडीत टॅमसिन थांबली होती. मॉड गवत खात होती, म्हणून सिनेटरही थांबला. डेल्मर एका खडकावर कोसळला. समोर शिखरांमागे शिखरं निळी होत गेली होती, उतारावर जांभळी-पांढरी फुलं हलत होती. डेल्मरला त्यातलं काही दिसेना. त्याला गालापलीकडचं दिसतच नव्हतं.

"दुखतंय?" टॅमसिननं विचारलं.

"नाही."

"लवंगेचं तेल आहे माझ्याकडे."

"टेक्सासचं?"

"लवंगेचं." तिनं इवलीशी बाटली खडकावर ठेवली. "मी जाते पुढे. ढग येतायत, वर थांबू नका."

"मला सांगतेस? या खिंडीत मी बर्फ..."

ती आणि मॉड उताराला लागली. डेल्मरनं चहूकडे पाहिलं. एक मार्मट सोडला तर साक्षीदार कुणी नव्हता. त्यानं बाटली उघडली, बोट बुडवलं, दाढेवर दाबलं. आणि काय सांगावं, डोळ्यांसमोरचे डोंगर एकदम जागच्या जागी आले. पण बघायला वेळ कुठे होता? मॉडची शेपटी वळणाआड जाताना पाहून सिनेटरनं असा हंबरडा फोडला आणि अशी उडी घेतली की उरलेला उतार डेल्मरचे पाय जमिनीला अधूनमधूनच लागले.

गावात अग्निशमन केंद्रासमोर हमरस्त्यावर माणसांची दाटी झाली होती. बकनं यंदा रेषा नव्यानं रंगवून घेतली होती, पांढरीफेक, हातभर रुंद, उन्हात चमकणारी. मॉड आली ती वाऱ्यासारखी, लोक ओरडले, टॅमसिन रेषेपलीकडे पोचलीसुद्धा, आणि मॉडनं रेषेच्या वीतभर अलीकडे चारी खूर रोवले. गाढवाला असा पांढरा पट्टा म्हणजे खड्डा वाटतो. ती पट्ट्याकडे बघत उभी राहिली. टॅमसिननं ओढलं, समजावलं, मागे जाऊन ढकललं. मॉड म्हणजे गावातला पुतळा.

"ये बाळा, ये," टॅमसिन विनवू लागली.

"बाळा म्हणतेय!" मागून फरपटत आलेला डेल्मर खदखदला. "गाढवाला बाळा!"

त्याचं हसू संपायच्या आत सिनेटर मॉडच्या शेजारी जाऊन थांबला. ती जाईना म्हणून हाही जाईना. दोन नाकं पट्ट्याच्या अलीकडे, शेजारी शेजारी. दोन्ही माणसं मात्र दोऱ्या ओढत पलीकडे, आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं.

"सरक," डेल्मर दातओठ खाऊन म्हणाला. मग दात दुखला म्हणून नुसते ओठ खाल्ले. "सरक रे सिनेटर. अरे राजा, एक पाऊल. हवं तर अर्धं. ऐक ना माझं, सोन्या..."

"सोन्या म्हणतोय!" हेझेलबाई गर्दीतून ओरडली.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तर डेल्मरनं खरोखरच धरले. गुडघ्यावर बसून त्यानं सिनेटरचा पुढचा खूर उचलून पट्ट्यावर ठेवला. सिनेटरनं तो उचलून परत मागे ठेवला. हे असं चारदा झालं.

आणि मग पलीकडून बारीकसा आवाज आला. चुर्रर्र. पेपरमिंटच्या गोळीचा कागद. रेषेपलीकडे लोर्ना उभी होती. रोज सकाळी सिनेटरला चारा तीच घाली आणि चाऱ्यानंतर पेपरमिंटची गोळीही तीच देई. तिनं कागद मुद्दाम चुरचुरवला की सहज, हे कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. सिनेटरचे कान उभे राहिले. पाय जागेवर ठेवून त्यानं मान लांबवली, आणखी लांबवली, गाढवाची मान इतकी लांबते हे गावाला त्या दिवशी कळलं, आणि त्याचं राखाडी, ओलं, केसाळ नाक पांढऱ्या पट्ट्यावरून अलगद पलीकडे गेलं.

"नाक!" बक भोंग्यातून किंचाळला. "नाक गेलं!"

डेल्मर दोन्ही हात आभाळाकडे करून नाचू लागला. गाल हलत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. "इथला जिंकला! बघ टेक्सास! इथला जिंकला!"

"यंदाचा विजेता," बकनं प्रथेप्रमाणे नोंदवही उघडून सुरू केलं, "सिनेटर! वय वर्षं नऊ. रंग राखाडी. मूळगाव..." तो थांबला. त्यानं पाटीकडे बघितलं, मग खिशातला कागदी रुमाल काढून त्याकडे बघितलं, आणि भोंगा पुन्हा तोंडाला लावला तेव्हा त्याचा आवाज मधासारखा झाला होता. "मूळगाव नेवाडा."

 मग हेझेलबाई हसली. मग तिची कवळी हसली. मग सगळा रस्ता.

"काय झालं?" डेल्मरचे हात अजून वरच होते.

"बाहेरचा जिंकला, डेल्मर," बक म्हणाला.

"बाहेरचा? मी जिंकलोय! मी इथला आहे!"

"ऐका हो," हेझेलबाई म्हणाली, "दोरीच्या दुसऱ्या टोकाचं सामान बोलायला लागलं!"

"अरे, पण हे गाढव चार वर्षं इथं राहतंय! माझ्या दारात, माझा चारा खाऊन! चार हिवाळे काढलेत यानं इथं!"

"चार हिवाळ्यांत इथला होतो होय कुणी?" हेझेलबाईनं मान वळवली. "लोर्ना, तुला किती झाले गं?"

"तीस," लोर्ना म्हणाली. ती सिनेटरला गोळी भरवत होती.

"आणि अजून कोण आहेस तू?"

"नेब्रास्का," लोर्ना म्हणाली. "रोज नाश्त्याला ऐकते."

डेल्मरनं तोंड उघडलं. त्यात अनेक वाक्यं तयार होती, पण प्रत्येक वाक्य भिंतीवरच्या त्या पाटीला जाऊन आदळत होतं. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती. शांतपणे हात पुसत होती, हिशेब पूर्ण झालेल्या माणसासारखी.

पिकअप जवळच उभी होती. तो बंपरमागे गुडघ्यावर बसला. गाव अर्धगोल करून उभं राहिलं. काही बाहेरच्यांनी फोन वर काढले. त्यांना वाटलं, हाही प्रथेचा भाग असावा.

"मिस्टर हॉचकिस, नका," टॅमसिन म्हणाली. "शब्द पाळलात असं समजू आम्ही. ती कॅप..."

"ब्रोकन पिकचा माणूस," डेल्मर कष्टानं म्हणाला, "बोललेलं करतो."

त्यानं स्टिकरचा कोपरा नखानं उचलला, दातांत धरला आणि मान झटकली. फाडकन आवाज झाला. त्यात स्टिकरचा किती आणि डेल्मरचा किती, हे सांगता आलं नाही. अर्धा स्टिकर आला. अर्धा बंपरवरच राहिला. आणि आलेल्या अर्ध्या स्टिकरच्या गोंदाला हॉचकिस घराण्याची एक सोनेरी कॅप चिकटून चमकत होती. या खोऱ्यात एका हॉचकिसच्या हाती लागलेलं सोनं ते एवढंच.

"आता ठीक आहे," हेझेलबाई बंपर न्याहाळत म्हणाली. "अर्धा इथला. उरलेला अर्धा मिझुरीचा."

सोमवारी सकाळी डेल्मर चार दारं चालत गेला. लोर्ना बरोबर होती, नाहीतर तो तिसऱ्या दाराशी वळला असता.

"आ करा," टॅमसिन म्हणाली.

त्यानं डोळे मिटून आ केला. टेक्सासचा हात आत गेला. सुई गेली, कापूस गेला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच ती बोलत राहिली आणि त्याला ऐकून घ्यावं लागलं. मॉडला अजून राग आहे म्हणे, पांढरं काही दिसलं की पाठ फिरवते. चषकावर सिनेटरचं नाव कोरायला दिलंय. लोर्नानं आपल्या गाडीला एक स्टिकर लावलाय, पाहिलात का? नेब्रास्काच्या मक्याच्या कणसाचा.

"अँ," डेल्मर म्हणाला.

तेवढ्यात खिडकीबाहेर रस्त्यावर गाडी थांबली. ॲरिझोनाची नंबरप्लेट, टपावर दोन सायकली आणि होडी. आतून एक माणूस उतरला, दोन्ही काठ्या जमिनीवर टेकवल्या, रबरी नळी तोंडात घातली आणि भर रस्त्यात उभा राहून डोंगराचा फोटो काढू लागला. मागून येणारा दुधाचा ट्रक त्याच्यामागे भोंगा वाजवत थांबला.

टॅमसिनचा हात थांबला. तिनं चष्मा नाकावर खाली ओढून खिडकीबाहेर पाहिलं.

"आले बघा," ती म्हणाली. "रस्त्यात उभे! यांच्याकडे जमीन संपली का हो सगळी?"

डेल्मरचा एक डोळा उघडला. मग दुसरा. त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू इतका वेळ भलतीच बाई तोंडात हात घालून बसली होती. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. जीभ जड होती, ओठ बधिर होता, कापूस होता.

"ओई," तो म्हणाला. त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळली.

"काय?" टॅमसिननं वाकून विचारलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत विणत बसलेल्या लोर्नानं मान वर न करता सांगितलं, "होडी म्हणतोय. होडी बघा म्हणतोय."